घोड्यानं खाल्लेल्या टोपीचं देणं

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला तुमचा गुरू कोण, असं कुणी विचारत नाही. गायकाला विचारतात, पैलवानाला विचारतात, हल्ली फेटे बांधणाऱ्यालाही विचारतात. आम्हाला विचारतात ते एवढंच, की ड्रोन आहे का, अल्बम कधी मिळणार आणि पॅकेजमध्ये काय काय बसतंय. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझी निम्मी हयात मांडवात गेली. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी, बावडा, भिगवण, कुठल्या कार्यालयात प्लगपॉइंट कुठे आहे आणि कुठल्या स्टेजची फळी दबते, हे मला झोपेतही सांगता येईल. धंदा पोटासाठी धरला. पण हा धंदा करताना जे बघायला शिकलो, त्याचं देणं दोन माणसांचं आहे. एक बारामतीचे आमचे सर. दुसरा पॅरिसचा रेने क्लेर. पहिल्यानं मला दुसऱ्याची गाठ घालून दिली. दुसऱ्याला माझा पत्ताही नव्हता; १९८१ साली तो गेला तेव्हा मी शाळेत पाढे घोकत होतो.

सर भूगोल शिकवायचे. फळ्यावर नीरा डावा कालवा काढायला घेतला, की बारामती ओलांडून इंदापूरच्या शेवटच्या फाट्यापर्यंत खडू थांबायचा नाही. पण जीव सगळा सिनेमात. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा वर्ग भरतो. सर तो करून आले होते. तिथं शिकवणारे सतीश बहादूर, आणि १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय डबा डबा गोळा करून उभं करणारे पी. के. नायर, ही दोन नावं सर वारकऱ्यानं ज्ञानोबा-तुकाराम म्हणावं तशी जोडीनं घ्यायचे. वर्ग संपला, सर बारामतीला परतले आणि पगारातून पैसे साठवून त्यांनी व्हीसीआर घेतला. शेजाऱ्यांना वाटलं, मास्तर आता भाड्यानं पिक्चर दाखवणार. सरांनी पुढच्या खोलीत सतरंजी घातली आणि फुकट दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे कुणी येईना.

मी सापडलो तो लग्नात. तेव्हा मी हॅलोजनवाला होतो. कॅमेरा खांद्यावर घेणारा पुढे, आणि त्याच्या मागे वायर गुंडाळत-सोडत, तापलेला दिवा डोक्यावर धरून मी. मंगलाष्टका चालल्या होत्या. नवरदेवाच्या चुलत्याला मानाची टोपी दिलेली, ती डोक्यापेक्षा लहान निघाली होती. काढावी तर मानाचा अपमान, ठेवावी तर पडायची भीती. चुलते मान ताठ धरून उभे. प्रत्येक 'शुभमंगल सावधान'ला हात वर जायचा तो अक्षता टाकायला की टोपी धरायला, हे त्यांनाच कळेना. शेवटी अक्षता टोपीच्या घडीत साठल्या आणि ते वाकून कुणाच्या तरी पाया पडले, तेव्हा त्या सगळ्या एकदम खाली ओघळल्या. मांडवातली झाडून सगळी माणसं नवरा-नवरीकडे बघत होती. मी हसलो, तसा दिवा हलला आणि कॅमेरावाल्यानं मला शिवी घातली.

जेवणाच्या पंगतीत सर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मघाशी काय बघून हसलास?"

सांगितलं.

"मीपण तेच बघत होतो. रविवारी घरी ये. तुला एक टोपी दाखवतो."

ती टोपी म्हणजे क्लेरचा १९२८ सालचा मूकपट, 'इटालियन गवती टोपी'. मूळ फ्रेंच फार्स एजेन लाबिश आणि मार्क-मिशेल यांचा, १८५१ सालचा. गोष्ट अशी. फादिनार्द नावाच्या गृहस्थाचं त्या दिवशी लग्न आहे. बग्गीतून रानातल्या रस्त्यानं चाललाय. वाटेत त्याचं घोडं एका झुडपावर अडकवलेली गवती टोपी खाऊन टाकतं. टोपी एका बाईची. बाई झुडपाआड एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर, आणि तो काही तिचा नवरा नव्हे. टोपीशिवाय घरी गेली तर नवरा विचारणार. अधिकारी फादिनार्दला दरडावतो, की अगदी तश्शीच टोपी आणून दे, नाहीतर तुझ्या नव्या घराचा चुराडा करतो. झालं. नवरदेव आपल्याच लग्नाच्या दिवशी टोपी शोधत पॅरिसभर हिंडतो आणि वऱ्हाड त्याच्या मागे मागे.

सरांनी आधीच बजावलं होतं, की मी मधे एक शब्द बोलणार नाही. पाट्या परक्या भाषेत होत्या, पण फारच थोड्या. मला त्यांची गरजच पडली नाही. लग्न कुठलंही असो, रुसलेला सासरा आणि घाईतला नवरदेव ओळखायला भाषा लागत नाही.

क्लेरची करामत मला पुढे कितीतरी वेळा बघून कळली. तो प्रत्येक माणसाला एकेक वस्तू वाटून देतो. सासऱ्याला चावणारे बूट. एका पाहुण्याचा एक हातमोजा हरवलेला. एका नातेवाइकाचा गळ्यातला टाय सारखा निसटणारा. नवरीच्या पोशाखात पाठीकडे घसरलेली टाचणी. बहिऱ्या मामाला कानाला लावायचं कर्ण्यासारखं यंत्र. एवढं वाटून झालं, की क्लेर बाजूला होतो. पुढचं काम त्या वस्तू करतात.

नगरभवनात लग्न लागताना महापौर लांबलचक भाषण करतोय. टाय निसटलेल्या नवऱ्याला त्याची बायको लांबून खूण करते, टाय, टाय. त्याला उमजत नाही. ती पुन्हा करते. तोवर शेजारच्याला वाटतं, आपल्यालाच सांगतेय. तो स्वतःचा टाय चाचपतो. त्याचं बघून पुढचा. असं करत करत सगळी पुरुषमंडळी गळ्याला हात लावून बसतात आणि भाषण करणारा महापौरही बोलता बोलता आपला टाय सारखा करतो. ज्याचा निसटलाय तो मात्र तसाच.

इथं सरांनी कॅसेट थांबवली. म्हणाले, "कॅमेरा कुठे उभा आहे?"

"लांब."

"का?"

मला उत्तर आलं नाही आणि सरांनीही दिलं नाही. त्यांची शिकवायची रीतच ती होती. प्रश्न टाकायचा आणि चहा ठेवायला आत जायचं. उत्तर मला धंदा करताना मिळालं. जवळ जाऊन दाखवलं, की फजिती एका माणसाची होते. लांबून दाखवलं, की ती सगळ्यांची होते. निसटलेल्या टायवर कॅमेरा नेऊन टेकवला असता तर आपण त्या बापड्याला हसलो असतो. क्लेर लांब राहतो, म्हणून आपण हसतो ते आब राखायच्या धडपडीला, आणि ती धडपड आपल्याही घरची असते.

यातलं बहिऱ्या मामाचं पात्र मला आधी खटकायचं. बहिऱ्याची थट्टा आपल्याकडच्या वगांत आणि नाटकांत पोटभर झालेली. पण क्लेरचा मामा निराळा. सगळं पॅरिस ज्या टोपीसाठी पालथं घातलं जातं, अगदी तशीच टोपी त्यानं नवरीला आहेर म्हणून सकाळीच आणलेली असते. डबा घरातच पडून. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे लक्ष द्यायचं ज्यांना ऐकू येतं त्यांना सुचत नाही, म्हणून एवढा घोळ. शिवाय मूकपट बघणारे आपण सगळे त्या मामाच्याच जातीचे. ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. जे समजायचं ते नजरेनं. क्लेरनं प्रेक्षकाला मामाशेजारी बसवलं, हे ध्यानात आल्यावर मला त्या पात्राची चीड आली नाही.

मराठी विनोद बोलका. तमाशातली बतावणी घ्या, अत्र्यांची सभा घ्या, पु. लं.चा प्रयोग घ्या, सगळा खेळ जिभेवरचा. आमच्या भागात सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा देण्याघेण्यावरून ताणलं, की एखादा म्हातारा असा काही शब्द टाकतो, की दोन्हीकडची मंडळी हसून सैल होतात. हे माझ्या अंगात मुरलेलं. लाबिशचं मूळ नाटकही असंच बोलकं, पल्लेदार. क्लेरनं ते घेतलं आणि त्यातलं बोलणंच काढून टाकलं. संवाद पाट्यांवर छापायचा सोपा रस्ता होता, तो त्यानं सोडला. प्रत्येक बोलण्याच्या जागी त्यानं एखादी वस्तू किंवा हालचाल बसवली. त्याच वर्षीच्या 'दोन भित्रे' या त्याच्या दुसऱ्या मूकपटात कोर्टाचा प्रसंग आहे. भित्रा वकील आपल्या अशिलाच्या सद्गुणी संसाराचं वर्णन करतोय आणि ते वर्णन पडद्यावर दिसतंय. मधेच कोर्टात उंदीर निघतो. वकिलाचा धागा तुटतो, तसं ते चित्रही अडखळतं, मागे जातं, थबकतं. शेवटी तो गोंधळून आपल्याच अशिलाला जास्तीत जास्त शिक्षा मागून बसतो. विसरणं पडद्यावर कसं दिसतं, हे मी तिथं बघितलं. शब्दात ते तेवढं चपखल बसलं नसतं.

पुढे माझ्या खांद्यावर कॅमेरा आला. त्या काळात शूटिंग झालं, की कॅसेट मिक्सिंगला जायची. मिक्सिंगवाला दर दोन मिनिटांनी बदामाच्या आकारातून नवरी बाहेर काढायचा, पान उलटायचा, वर सनईची टेप नाहीतर सिनेमाची गाणी लावायचा. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. मीही ते दिलं. पण एखादी दहा मिनिटं मी माझी ठेवायला लागलो. त्या दहा मिनिटांत ना बदाम, ना गाणं. फक्त लांबून, हलायचं नाही, दिसेल ते.

त्यातलं एक सांगतो. इंदापूरकडचं लग्न. मंगलाष्टका सुरू होणार, नवरा-नवरी पाटावर, मधे दोघांनी अंतरपाट धरलेला. तेवढ्यात मोठे पाहुणे आल्याची हाक उठली. आमच्या दोन्ही तालुक्यांत मुहूर्त पंचांगातला असला, तरी लागतो तो पाहुण्यांच्या गाडीवर. भटजी थांबले, माइक दुसऱ्याच्या हातात गेला. सत्कार, शाल, श्रीफळ, मग आशीर्वादाचं भाषण. भाषणात पाऊस, उसाचा दर, कारखाना, वधूवर असा क्रम. मी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून मांडवाच्या टोकाला उभा राहिलो. चौकटीच्या मध्यभागी फक्त अंतरपाट. उजवीकडे धरणारा मामा धट्टाकट्टा, डावीकडचा वयस्कर. भाषण लांबलं, तशी डावी बाजू उतरायला लागली. बोटभर. वीतभर. नवरदेवाचं कपाळ दिसलं, मग डोळे. नवरीनं वर बघितलं. दोघं एकमेकांकडे बघून गोड हसले, तोच भटजींनी खूण केली आणि अंतरपाट झटकन वर गेला. पुन्हा उसाचा दर. पुन्हा बोटभर, वीतभर. या खेपेला नवरदेव आधीच वाकून तयार. मागे पंगतीची घाई झालेली पोरं, पुढे टाळ्या वाजवणारे कार्यकर्ते, आणि या सगळ्यांच्या मधे एक पडदा वरखाली होतोय.

कॅसेटमध्ये एवढ्या भागाचा आवाज मी बंद ठेवला. भाषण गेलं, अंतरपाट उरला. घरच्यांनी बघितली तेव्हा आधी शांतता. मग आजी हसली, मग घर हसलं, आणि डावीकडे धरणाऱ्या मामांनी स्वतः निरोप पाठवला, की तेवढ्या भागाची मला एक वेगळी कॅसेट पाहिजे. ज्याची गंमत झाली तोच प्रत मागतो, हीच माझी परीक्षा. ती मी क्लेरकडून घेतली.

त्याच्या आणखी एका युक्तीची मला रोज आठवण येते, कारण आज ती सगळ्या मांडवांत सर्रास वापरली जाते. १९२४ साली क्लेरनं 'मध्यंतर' नावाचा छोटा चित्रपट केला, एका बॅले नृत्यनाट्याच्या मधल्या सुट्टीत दाखवायला. बॅलेची कल्पना फ्रान्सिस पिकाबियाची, संगीत एरिक सातीचं. त्यात एक अंत्ययात्रा आहे. शवपेटीच्या गाडीला उंट जुंपलेला. मागे चालणारी प्रतिष्ठित मंडळी स्लो मोशनमध्ये अशी काही उड्या मारत चालतात, की दुःखाचा सगळा रुबाब उतरतो. मग गाडी सुटते आणि सगळे तिच्यामागे धावत सुटतात. क्लेरनं संथ गती वापरली ती ऐट उतरवायला. आमची हल्लीची पोरं नवरीची एन्ट्री संथ करतात ती ऐट चढवायला. यंत्र एकच. उजनीच्या पाणवठ्यावर भिगवणला प्री-वेडिंग करताना जोडपं संथ गतीत धावतं, मागे रोहित पक्षी उडतात, आणि मला मधेच तो उंट दिसतो. मी तोंडावर हात ठेवतो. गिऱ्हाईक पैसे देणारं असतं.

देण्याघेण्याचा हिशेब या सिनेमावाल्यांनी आपसात कसा ठेवला, तेही मला सरांनीच सांगितलं. मॅक्स लिंडर हा फ्रेंच पडद्यावरचा पहिला मोठा विनोदी नट, उंच हॅट आणि झोकदार कोट घालून फजित होणारा. चॅप्लिननं त्याला उघडपणे आपला गुरू मानलं. क्लेर चॅप्लिनचे चित्रपट बघत शिकला. मग १९३१ साली क्लेरनं कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर राबणाऱ्या माणसांची टिंगल करणारा बोलपट काढला, आणि १९३६ साली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आला, त्यातही सरकता पट्टा. क्लेरच्या चित्रपटाच्या मालक कंपनीनं चॅप्लिनवर चोरीचा दावा ठोकला. क्लेरनं दाव्याला साथ दिली नाही. त्याचं म्हणणं असं, की चॅप्लिनकडून आपण सगळ्यांनीच घेतलंय. त्यानं माझ्याकडून काही घेतलं असेल, तर तो माझा मान. दावा रेंगाळला आणि महायुद्धानंतर तडजोडीनं मिटला. आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. ज्याचा बांध कोरला असं लोक म्हणत होते, तोच इथं 'माझा बांध नाही' म्हणाला.

आणि हे देणं फ्रान्सपुरतं राहिलं नाही. 'गवती टोपी'ची गोष्ट क्लेरनं मुद्दाम १८९५ सालात नेली, ज्या वर्षाच्या अखेरीस ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिला खेळ केला. सिनेमाच्या जन्मसालाला केलेला तो नमस्कारच. तोच खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला. एमिल कोल या फ्रेंच माणसानं १९०८ साली आगकाड्या एकेक सरकवून त्यांना पडद्यावर नाचवलं, आणि काही वर्षांनी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. 'राजा हरिश्चंद्र' काढणारे फाळके सगळ्यांना ठाऊक; पण 'पिठाचे पंजे' नावाचा विनोदी लघुपट काढणारे आणि प्रोफेसर केळफा असं आपलंच नाव उलटं करून पडद्यावर जादूचे प्रयोग करणारे फाळके सरांना जास्त आवडायचे. सर म्हणायचे, देवाधर्माच्या फाळक्यांना देशानं डोक्यावर घेतलं, हसणाऱ्या फाळक्यांचा वारसदार अजून यायचाय. त्यांनी माझ्याकडे बघून ते म्हटलं नव्हतं. मला तसं वाटलं, एवढंच.

सर आता पुण्याला लेकीकडे असतात. व्हीसीआर गेला, कॅसेटला बुरशी आली. 'गवती टोपी' माझ्या लॅपटॉपवर आहे. सरांना मी गुरुदक्षिणा म्हणून एकदा शाल-श्रीफळ घेऊन गेलो, तर त्यांनी शाल लेकीच्या हवाली केली, नारळ फोडून खोबरं वाटलं आणि विचारलं, "नवीन पोरं ठेवलीस का हाताखाली? त्यांना काय दाखवतोस?" तेव्हापासून माझ्याकडे रिवाज पडला. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायच्या आधी नव्या पोरांना बसवायचं, मोबाइल बाजूला ठेवायला लावायचे आणि पूर्ण चित्रपट दाखवायचा. मी मधे बोलत नाही. बरीच पोरं कंटाळतात. एकदोघं झोपतात. एखाद्यानं विचारलं, की काका, याचा आवाज का येईना, तर मी चहा ठेवायला आत जातो.

गेल्या सीझनला सणसरकडचा एक पोरगा आला होता. बारावी नापास, बाप कारखान्यावर. पूर्ण पिक्चर त्यानं मांडी न मोडता बघितला. संपल्यावर मी विचारलं, "काय दिसलं?"

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ह्या आख्ख्या लग्नात घोडं तेवढं शहाणं. त्याला भूक लागली, त्यानं खाल्लं. बाकी सगळी नुसती कोण काय म्हणंल म्हणून पळत्यात."

रात्री सरांना फोन लावून हे जसंच्या तसं सांगितलं. सर पलीकडे खूप वेळ हसले, खोकला येईपर्यंत. मग एकदम वर्गात बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "त्याला कॅमेरा दे. ड्रोन दुसऱ्या कुणाला उडवू दे."